मामा सिगरेट ओढेना

१

संत रोकेच्या बोगद्यात तीन माणसं चौथ्याला शोधायला गेली आणि चौथ्याचं हेल्मेट घेऊन पळत बाहेर आली.

हेल्मेट सेवेरोचं होतं यात वाद नव्हता. मागच्या बाजूला त्याने लाल रंगात स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि जागा संपल्यामुळे शेवटचं अक्षर खाली लोंबत होतं. शनिवारी रात्री तो घरातून निघाला, आज मंगळवार.

"मामाने खाल्लं त्याला," इलारियोन म्हणाला आणि खाली बसला. एके काळी खाणीत छताला लाकडी टेकू लावणारा हा माणूस, चांगला रेड्यासारखा. पण त्याचे दात एकमेकांवर आपटत होते. "हेल्मेट मामाच्या पायाशी होतं. आम्ही तिघांनी तीन सिगरेटी त्याच्या तोंडात दिल्या. तिन्ही विझल्या. पोट भरल्यावर कोण ओढतो?"

कोल्पामायू या खाणीच्या गावात देव आणि मामा यांची हद्द ठरलेली आहे. बोगद्याच्या तोंडापर्यंत देवाची, आत मामाची. मामा म्हणजे खाणीच्या धन्याची मातीची मूर्ती, शिंगं बोकडाची, तोंड सिगरेट बसेल इतपत उघडं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला पेटती सिगरेट, कोकाची पानं आणि घोटभर दारू द्यायची. ती सिगरेट तो शेवटपर्यंत ओढतो. ओढली की तो राजी. संत रोकेचा बोगदा वीस वर्षांपूर्वी बंद पडला, पगार थांबले, माणसं गेली, पण सिगरेट थांबवायची छाती कुणाची झाली नाही.

निकानोराला ही बातमी युनियनच्या रेडिओवर बसल्याबसल्या कळली, कारण ती तिलाच वाचायची होती. गावातले मृत्यू, बारशी, संप आणि हरवलेली गाढवं गेली कित्येक वर्षं तिच्याच आवाजात लोकांपर्यंत पोचत. सहकारी खाणीच्या अध्यक्षाने कागद पुढे सरकवला. तिने माइक सुरू केला.

"उद्या दुपारी संत रोकेच्या बोगद्याचं तोंड सुरुंग लावून कायमचं बंद करण्यात येईल. त्यानंतर देवळात प्रार्थना, दिवंगत सेवेरो कोल्के यांच्या..."

ती थांबली. सेवेरो तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला भरवून वाढवलं होतं, आणि तो अजूनही सूप पिताना आवाज करत असे.

"ही बातमी चुकीची आहे," निकानोरा माइकमध्ये म्हणाली. "पुढची बातमी. बासिलियाबाईंचं गाढव हरवलं आहे."

२

"बाई आत गेली की चांदीची शीर पळून जाते," तोरिबियो म्हणाला. बोगद्याच्या तोंडाशी तो हात पसरून उभा होता.

"वीस वर्षांपूर्वी पळाली तेव्हा कोण बाई गेली होती?"

तोरिबियोने विचार केला. मग तो बाजूला झाला आणि दिवा लावून तिच्यापुढे चालू लागला. तो सेवेरोचा कामातला जोडीदार. शनिवारी संध्याकाळी दोघांचं भर रस्त्यात भांडण झालं होतं. अर्ध्या गावाने ते ऐकलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याने त्यात भर घातली होती.

आत दगड घाम फुटल्यासारखा ओला होता. कुजलेले टेकू दोन्ही बाजूंनी वाकून बघत होते. पाठीमागचा उजेड आधी ताटाएवढा झाला, मग नाण्याएवढा, मग नव्हताच. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. ते थांबलं की जास्त भीती वाटे.

"भांडण कशावरून झालं?" तिने विचारलं.

"धुरावरून."

"कसल्या धुरावरून?"

"मामाच्या. सिगरेटीची पाळी माझी असते ना इथे, तर हा मागल्या शुक्रवारी सोबत आला. मामा ओढतोय, आणि धूर आत जातोय. डोंगराच्या पोटात. हा म्हणतो, पुढे तर दरड पडून बंद आहे, मग धूर जातो कुठे? मी म्हटलं, मामाचा धूर, मामा बघून घेईल. हा म्हणतो, दरडीवरून सरपटत जाऊन बघू. मी म्हटलं, तू जा मसणात." तो अडखळला. "मी बोलून गेलो, ताई. तो गेला."

मामा वळणावर बसला होता. पायाशी कोकाची सुकी पानं, रिकाम्या बाटल्या, आणि ओठांत सकाळच्या शोधकऱ्यांपैकी कुणाची तरी विझलेली, जेमतेम जळलेली सिगरेट. काचेचे डोळे दिव्यात चमकले. निकानोराने नवी सिगरेट पेटवून त्याच्या तोंडात दिली. धूर सरळ वर गेला, छताखाली साचला, आणि मग कुणी चिमटीत धरावं तसं टोक काळं पडलं.

तोरिबियो तीन पावलं मागे सरकला. "चल ताई. डोकं जड व्हायला लागलंय माझं. सकाळी त्या तिघांचंही झालं होतं. राग आलाय त्याला."

निकानोराचंही कपाळ ठणकत होतं. ती दरडीपर्यंत गेली आणि गाल दगडाजवळ नेला. काही नाही. बंद पेटीतल्यासारखी हवा, हलेना की डुलेना. तिने हाका मारल्या. भावाच्या नावाने तिचा आवाज दगडावर आपटला आणि तसाच परत आला.

बाहेर आल्यावर तिने काखेत धरलेलं सेवेरोचं हेल्मेट पुन्हा नीट पाहिलं. मग त्यावरच्या दिव्याचं बटण दाबलं. दिवा लख्ख लागला.

"कुणी वाटेत बंद केला होता हा?"

"नाही. विझलेलाच मिळाला, असं इलारियोनदादा म्हणाला."

"म्हणजे मामाने माझ्या भावाला गिळलं," निकानोरा सावकाश म्हणाली, "आणि त्याआधी बॅटरी संपू नये म्हणून दिवा बंद केला."

तोरिबियोने बोगद्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या नकळत आपल्या दिव्यावर हात ठेवला. कोल्पामायूतला खाणकामगार उजेडात आला की पहिलं काम तेच करतो. तान्ह्या पोराचा हात जसा तोंडाकडे जातो, तसा त्याचा हात बटणाकडे जातो.

हेल्मेट तिथे कुणीतरी उजेडातून नेऊन ठेवलं होतं.

३

अध्यक्ष क्रिसोलोगो दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुंगाच्या कांड्या भाजीच्या पिशवीत भरत होता. वर त्याने कांद्याची पात ठेवली होती. ती खरोखरच घरी न्यायची होती.

"माझ्याकडे अशी बघू नकोस," तो म्हणाला. "सभेने हात वर करून ठरवलंय."

"सगळ्यात आधी कुणाचा हात वर गेला?"

"इलारियोनचा. पण नंतर सगळ्यांचाच. माझे दोन्ही गेले." त्याने पात सारखी केली. "निकानोरा, माझा बाप त्याच बोगद्यात राहिला. त्याचं तर हेल्मेटही मिळालं नाही. तुझ्या भावासाठी मी आणखी चार पोरं आत पाठवू? मामाने ओढायचं बंद केलंय."

"समजा तो जिवंत असेल?"

"कुठे?"

हे तिला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते इतकंच, की शुक्रवारपर्यंत धूर कुठेतरी जात होता आणि आता जात नव्हता. जिथे तो जात होता, तिथेच सेवेरो गेला होता. आणि दुपारी बोगद्याचं तोंड बंद झालं की त्याच्या वाट्याला असेल नसेल तेवढी हवाही संपणार होती.

"दुपारपर्यंत थांबाल ना?" तिने विचारलं.

"दुपारपर्यंत सभेने थांबायला सांगितलंय म्हणून थांबेन. चल, घसा ओला करू. हे काम कोरड्या घशाने होणार नाही माझ्याने."

पिशवी खांद्याला लावून तो साबिनाच्या गुत्त्याकडे निघाला. निकानोरा मागोमाग गेली, कारण इलारियोन तिथेच सापडणार होता. गुत्ता त्याच्याच बायकोचा.

४

साबिनाचा गुत्ता गावाच्या वरच्या टोकाला, डोंगराला पाठ लावून उभा आहे. जून महिन्यात, इथल्या ऐन हिवाळ्यात, कोल्पामायूत बादलीतल्या पाण्यालाही बर्फाचं कवच येतं, तेव्हा अख्खं गाव इथे येऊन बसे. चूल नाही, शेगडी नाही, तरी खोली उबदार. साबिनाची मक्याची दारूच तशी, असं सगळे म्हणत. दुसरीकडची पिऊन माणूस नुसताच झिंगतो, इथली पिऊन कोट काढतो.

आज मात्र सगळे कोट घालून बसले होते. दोघांनी वर घोंगड्या घेतल्या होत्या.

"साबिनाताई, पाणी घालायला लागलीस काय गं?" एक म्हातारा ओरडला. "चौथा वाडगा, आणि बोटं अजून बर्फ!"

"पाणी तुझ्या डोक्यात घातलंय देवाने!" साबिना उसळली. तिचं नाक लाल झालं होतं. "रविवारपासून हेच ऐकतेय. तीच मका, तोच माठ! माझे गिनिपिग गारठून मरायला लागले, त्यांना अंथरुणात घेऊन झोपते मी. ते काय दारू पितात?"

निकानोरा दारातच थांबली होती. "रविवारपासून?"

"हो ना. आणि ह्यांचं निराळंच." साबिनाने हनुवटीने कोपरा दाखवला.

इलारियोन मागच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. त्याच्या डोक्यावर संत रोकेची तसबीर लटकत होती आणि तिच्याभोवतीचा चुना बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा होता. गालात कोकाचा गोळा होता, पण तो चघळायचं विसरला होता.

"इलारियोनदादा," निकानोरा त्याच्यासमोर बसली, "माझ्या भावाचं हेल्मेट तुम्हाला मिळालं."

"मिळालं."

"बाकीचे दोघं म्हणतात, मामापाशी पहिले तुम्ही पोचलात."

"माझी चाल मोठी आहे."

"अंगभर पोंचो पांघरला होतात, म्हणे. आत तर उकडतं."

"थंडी वाजत होती." त्याने तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. डोळे रात्रभर उघडे असावेत तसे होते. "तू आत गेलीस, असं ऐकलं. ओढली त्याने?"

"नाही."

त्याच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. "मी तीन मेणबत्त्या लावल्या. दारूची अख्खी बाटली ओतली. तरी माझ्यावरचा त्याचा राग जाईना."

 बाहेर वारा पत्र्याला नखं लावत होता.

"गेला होतात तिघं," निकानोरा म्हणाली. "विझल्या तीन सिगरेटी. मग राग एकट्या तुमच्यावर कसा?"

५

ती उठली आणि त्याच्या डोक्यावरच्या भिंतीला तळवा लावला. भिंत थडग्यासारखी गार होती.

"क्रिसोलोगोभाऊ, ती पिशवी जरा लांब ठेवा आणि ऐका," ती म्हणाली. "डोंगराचं पोट थंडीतही गरम असतं. गरम हवा वर चढते. संत रोकेच्या तोंडातून ती आत शिरायची, मामाची सिगरेट फुलवायची, धूर घेऊन दरडीवरून वर जायची आणि इथे, या खोलीत बाहेर पडायची. तुम्ही सगळे वर्षानुवर्षं जी ऊब प्यायलात ती दारूची नव्हती, डोंगराची होती."

म्हाताऱ्याने वाडग्यात पाहिलं. आपली फसवणूक झाल्यासारखं त्याला वाटलं.

"इथे भोक आहे. शनिवारी रात्री ते कुणीतरी बुजवलं. रविवारी इथे गारठा पडला, आणि खाली मामाची हवा मेली. सिगरेट विझते ती हवा नाही म्हणून. डोकी जड झाली ती त्यानेच. सेवेरो धुराच्या मागे गेला होता. धूर इथे येत होता, म्हणजे सेवेरोही इथे आला. त्याचं हेल्मेट या खोलीत पडलं. ज्याने ते पोंचोखाली लपवून मामाच्या पायाशी नेलं, त्याने आधी सवयीने दिवा बंद केला. मग त्याने मामाला सिगरेट दिली, आणि ती विझली. आपणच हवेची वाट बंद केली हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मामाला कळलं, असंच त्याला वाटलं."

"मागे उंदीर झाले होते," साबिना बारीक आवाजात म्हणाली. "म्हणून भिंत लिंपली, असं हे म्हणाले. मी रात्री उशिरा माती कालवून दिली... मी कालवून दिली माती." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "काय होतं हो मागे?"

इलारियोन जमिनीशी बोलावं तसं बोलला. "चांदीची शीर होती. बोटभर रुंद. सगळ्यांची होती, मी एकटाच खणत होतो. सभेने कळल्यावर काय केलं असतं ते ठाऊक आहे तुम्हाला. शनिवारी पोत्यांमागून ह्याचं डोकं वर आलं. हसला. म्हणाला, अरेच्चा, दादा, हा तर तुमचा गुत्ता! मी पोतं ढकललं. नुसतं ढकललं. हेल्मेट इकडे घरंगळलं, तो तिकडे. मग त्याच्या मागे छत कोसळलं. मी हाक मारली. एकदाच. मग... मी लिंपून टाकलं."

कुणी उठायच्या आत साबिनाने कोपऱ्यातली पहार उचलली आणि तसबिरीसकट भिंतीत घातली.

ओली माती ढासळली, पोती बाहेर आली, आणि मागून कोंदट, गरम वाफ खोलीभर फिरली. भोकात काळोख होता. निकानोरा त्यात कमरेपर्यंत शिरली आणि सगळं गाव ज्या आवाजाला ओळखतं त्या आवाजात ओरडली, "सेवेरो!"

काही नाही.

"सेवेरो!"

"ओरडू नकोस गं, ताई," काळोख खरखरत म्हणाला. "वरचा दगड सुटलाय."

६

मग गुत्त्यातली झिंगलेली माणसं चवड्यांवर चालू लागली आणि कुजबुजत बोलू लागली. हाका ऐकून धावत आलेल्या तोरिबियोने भोकातून दिवा आत धरला. सेवेरो पुरुषभर आत, उताराखाली होता. मागची वाट दगडांनी भरलेली, एक पाय त्यांच्याखाली, गालात कोकाचा चोथा. भिंतीवरून झिरपणारं पाणी चाटून त्याने दिवस काढले होते. त्याच्या छातीवर, हातभर वर, दाराएवढा दगड नुसता चिकटून होता.

"टेकू न लावता पाय काढला तर ते सगळं खाली येईल," तोरिबियो म्हणाला. "लावताना हात चुकला तरी येईल."

"टेकू कोण लावेल?" क्रिसोलोगोने विचारलं.

सगळे एकाच माणसाकडे बघत होते.

"तिथला दगड मी खणलाय," इलारियोन म्हणाला. "कुठे दुखतो ते मला माहीत आहे."

"ह्याला आत सोडायचं? त्याच्याजवळ?" तोरिबियो दातांमधून म्हणाला. "काम अर्धं राहिलंय त्याचं, पुरं करेल."

क्रिसोलोगोने निकानोराकडे पाहिलं. सभा भरवायला, हात वर करायला वेळ नव्हता. आतून भावाचा श्वास ऐकू येत होता, सूप पितानासारखा आवाज करत.

निकानोराने दोर मागितला. तो तिने स्वतः इलारियोनच्या कमरेला बांधला आणि गाठ इतकी आवळली की तो कळवळला.

"मामा मला परत सोडणार नाही," तो पुटपुटला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"आधी माझा भाऊ बाहेर दे. मग तुझं आणि मामाचं काय ते बघ."

तो लाकूड घेऊन आत सरपटला. मोठा देह भोकात मावेना, चुना खरवडत गेला. बराच वेळ फक्त लाकडावर लाकूड ठोकल्याचे सावध आवाज आले. मध्येच आतून सेवेरो म्हणाला, "डावीकडे, दादा," आणि इलारियोन म्हणाला, "माहिती आहे रे." जणू दोघं सकाळच्या पाळीवर होते. मग एक किंकाळी आली, ती पाय निघाल्याची. मग सेवेरोचे हात दिसले. तोरिबियोने ते धरले, ओढलं, आणि निकानोराचा भाऊ डोळे मिटून, मातीने माखून, तिच्या मांडीवर येऊन पडला. तिने त्याच्या नाकाशी बोट धरलं, जसं तो तान्हा असताना धरायची.

तेवढ्यात आतला टेकू कण्हला.

"बाहेर! सगळे बाहेर!" क्रिसोलोगोने पिशवी छातीशी धरली आणि दाराकडे धाव घेतली. तोरिबियोने सेवेरोला पाठीवर घेतलं. बाकं उलटली, वाडगे फुटले. खोली रिकामी झाली.

निकानोराच्या मुठीत दोर होता. दुसरं टोक डोंगरात होतं, आणि ते हलत होतं. आतून शब्द येत नव्हता. वरून खडे गळत होते, आधी एक, मग दोन, मग मोजता येईनात असे. मूठ उघडली तर कुणी तिला बोल लावला नसता. गावाने म्हटलं असतं, मामाने नेला.

साबिना अजून तिथेच उभी होती, पहार घेऊन. ती निकानोराकडे बघत होती आणि काही मागत नव्हती.

निकानोराने दोराला मनगटाभोवती वेढा दिला आणि पाय भिंतीला लावला.

"बघता काय ताई, धरा," ती म्हणाली. "जड आहे मेला."